दोन सुरांचा पाहुणा

बेगम बाजारात दिवस उजाडतो तो हातगाड्यांच्या खडखडाटाने. उस्मानगंजाकडून पोती येऊ लागतात, मसाल्याच्या आणि सुक्या मेव्याच्या दुकानांपुढे पाणी शिंपडले जाते, आणि गल्लीच्या एका अंगाने हळदीचा तर दुसऱ्या अंगाने लाल मिरचीचा वास नाकात शिरतो. दुसरे आसफजाह निजाम अली खान यांच्या हमदा बेगमेने ही जागा व्यापाऱ्यांना दिली म्हणून या पेठेला बेगम बाजार हे नाव पडले, असे सांगतात. तेव्हापासून इथली तागडी काही थांबलेली नाही. अशा ठिकाणी पाखरे म्हणाल तर कबुतर, चिमणी, कावळा आणि मासळी बाजारावर घिरट्या घालणारी घार. जिथे दाणा सांडतो, जिथे मासळी चिरली जाते, तिथे ती येणारच. त्यांना पाहण्यासाठी मुद्दाम कोणी माडीवर चढत नाही.

तेव्हा याच पेठेत राहणाऱ्या, आणि गाणे शिकवून पोट भरणाऱ्या एका माणसाने पाखरावर लेख लिहावा याचे वाचकांना नवल वाटेल. मलाही ते वाटते. पण यंदा मृग निघायच्या सुमारास एक पाहुणा आपल्या शहरात येऊन गेला, आणि जाता जाता माझी एक चूक मला दाखवून गेला. ती हकीकत सांगायची तर आरंभ घरापासून करावा लागेल.

माझे वडील गवई. हैदराबादच्या दरबारी गवयांच्या पंगतीतले ते अगदी शेवटचे पान. विशीच्या आत त्यांना चाकरी मिळाली आणि थोड्याच दिवसांत, १९४८ साली, स्वतंत्र संस्थान संपले. उमरावांच्या देवडीवरच्या बैठका त्यानंतरही काही वर्षे चालल्या. मग त्याही आटल्या. पुढचे सारे आयुष्य वडिलांनी शिकवण्यांवर काढले. त्यांच्या पन्नाशीत मी झालो, त्यामुळे मला आठवतात ते पांढऱ्या केसांचेच वडील. घर तेच आहे: खाली भांड्यांचे दुकान भाड्याने दिलेले, वर माडीवर गाण्याचा वर्ग. वर्ग आता मी चालवतो.

वडिलांचा एक नेम होता. उन्हाळ्यात दर रविवारी शिष्यांना घेऊन ते पहाटे बागेत चालत जात. मोअज्जमजाही मार्केटच्या घड्याळाखालून, नामपल्ली स्टेशनावरून बाग-ए-आम. आता सारे शहर त्या बागेला पब्लिक गार्डन म्हणते, पण आमच्या घरात जुनेच नाव चालते. तिथे एखाद्या मोठ्या झाडाखाली बसून खर्ज लावायचा, आणि खर्ज झाला की सर्वांनी पाठीमागे हात बांधून दहा मिनिटे नुसते उभे राहायचे. बोलायचे नाही, गुणगुणायचेही नाही. काय काय ऐकू आले ते मग एकेकाने सांगायचे. "गळा देवाने दिला तसा दिला, कान मात्र ज्याचा त्याने कमवायचा," असे ते म्हणत. मी वर्ग हाती घेतल्यावर रविवारची फेरी चालू ठेवली, खर्जही ठेवला. ती दहा मिनिटे मात्र केव्हा गळून पडली ते माझे मलाच कळले नाही. परीक्षा असतात, स्पर्धा असतात, पालकांना प्रगती दिसावी लागते. दहा मिनिटे नुसते उभे राहण्यात कसली प्रगती दिसणार!

अखेरच्या दोनतीन वर्षांत वडिलांची आठवण अधूनमधून दगा देत असे. अशाच एका जूनच्या आरंभी बागेतून परत आल्यावर काठी कोपऱ्यात ठेवीत ते आईला म्हणाले, "आज दोन सुरांचा पाहुणा आला होता बरं का. पावसाच्या आधी येतो. मागंही एकदा आला होता." आई माझ्याकडे पाहू लागली आणि मी आईकडे. कोण पाहुणा, कुठला, हे आम्ही विचारलेसुद्धा नाही. म्हातारपणचे बोलणे म्हणून सोडून दिले. २०११ साली वडील गेले. त्यांचे ते वाक्य मी पार विसरून गेलो होतो.

आता माझ्या चुकीकडे वळतो. गेल्या दिवाळीनंतर वर्गात एक अकरा वर्षांची मुलगी येऊ लागली. घर मूळचे उदगीरकडचे, पण तीन पिढ्या इथेच गेलेल्या. वडील बाजारात एका पेढीवर हिशेब लिहितात. मुलगी अबोल, डोळे खाली. अलंकार म्हणताना मधेच थांबे आणि खिडकीकडे पाहत बसे. रागावलो की पुन्हा सुरू करी, चार पलट्यांनंतर पुन्हा थांबे. गळा म्हणावा तर षड्जावर ठरत नसे. सहा महिने मी वाट पाहिली. मे महिन्यात एका संध्याकाळी तिची आई फी द्यायला आली तेव्हा मी स्पष्टच सांगितले, "ताई, तुमचे पैसे मी फुकट घेतो आहे असे मला वाटते. हिला कान नाही. चित्रकलेत घाला, कशात तरी घाला. पण गाणे नको."

त्या माउलीने वाद घातला नाही. पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, "गुरुजी, महिन्याचे पैसे दिलेत तर महिना होईपर्यंत येऊ द्या. तिला तुमच्या रविवारच्या बागेचं लई आहे." मुलगी दाराआडच उभी होती. तिने ते सारे ऐकले असणार.

शेवटच्या रविवारी आम्ही नेहमीप्रमाणे बागेत गेलो. आदल्या रात्री वळवाची सर पडून गेली होती. माती ओली, पाने ओली. सहा मुले पारावर बसली, मी माझा विजेचा तंबोरा सुरू केला आणि खर्ज लावला. साडेपाच वाजून गेले असतील. उजाडत होते, पण सूर्य अजून वर आला नव्हता. तेवढ्यात ही मुलगी सवयीप्रमाणे थांबली आणि मागच्या भिंतीकडे पाहू लागली.

"आज तरी लक्ष दे बाळ," मी म्हणालो. त्यातला 'आज तरी' किती लागणारा होता हे मला नंतर समजले.

"गुरुजी, तिकडं कोणतरी शिट्टी वाजवायलंय."

"पहारेकरी असेल."

"नाही गुरुजी. दोन सूर आहेत. पहिला वर चढतोय अन् दुसरा खाली येतोय. आपल्या तंबोऱ्याशी त्याचं जमत नाही."

हे शेवटचे वाक्य ऐकून मी तंबोरा बंद केला. तंबोऱ्याशी जमते की नाही, हे ज्याला कान नाही त्याला कसे कळावे? मुले गप्प झाली. मला काही ऐकू येईना. नामपल्लीकडून एक बस गेली, कावळे ओरडले. आणि मग, भिंतीजवळच्या झुडुपांतून, स्वच्छ, भरदार, सुटी अशी ती हाक आली. पहिला सूर खालून घसरत वर चढला, तिथे टेकतो न टेकतो तोच दुसरा खाली उतरला. एक मींड वर, एक मींड खाली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. वडिलांचे वाक्य त्याच क्षणी मला आठवले. दोन सुरांचा पाहुणा!

आम्ही सातही जण चोरपावलांनी गेलो. भिंतीच्या आतल्या अंगाला पानगळीचा खच पडला होता, गुडघाभर झुडुपे होती. त्या ओल्या पाचोळ्यावर साळुंकीहून थोडा लहान असा एक पक्षी टुणटुण उड्या मारीत होता. पाय लांब, शेपटी एवढी आखूड की जणू कोणी कातरीने छाटली आहे. चोचीने एक पान उलटायचे, खालचा किडा उचलायचा, दोन उड्या, पुन्हा पान उलटायचे, आणि मधून मधून ती बोटभर शेपटी वरखाली हलवायची. पाठ हिरवी, पंखावर निळी झाक, गळा पांढरा, डोळ्यावरून आरपार काळा पट्टा, छाती आणि पोट बदामी, आणि शेपटीखाली लालभडक. लुगड्यांच्या दुकानात सगळ्या घड्या एकदम उलगडाव्यात तसे झाले. मग त्याने मान मागे टाकली, चोच आभाळाकडे केली आणि ते दोन सूर पुन्हा म्हटले. मुले श्वास रोखून उभी होती.

एवढ्यात मागून खराट्याचा आवाज आला. बागेत झाडलोट करणाऱ्या एक बाई ओळीने पाने ओढीत इकडेच येत होत्या. मी हाताने थांबवले, पक्षी दाखवला. त्यांना काही विशेष वाटले नाही.

"पिट्ट है, साब," त्या म्हणाल्या.

"कौनसा पिट्ट?"

"पिट्ट बोले तो पिट्ट. बारिश के पैले आते कभी कभी. दो दिन रैते, चले जाते."

तेलुगूत पिट्ट म्हणजे पाखरू, हे हैदराबादेत वाढलेल्या कोणालाही ठाऊक असते. बाईंनी 'पाखरू आहे' एवढेच सांगितले, असे समजून मी मनात हसलो. आणखी एक विनंती केली: एवढा कोपरा दोन दिवस झाडू नका. त्या म्हणाल्या, मुकादम ओरडतील. मग पाचोळ्याकडे पाहिले, त्या मुलीकडे पाहिले आणि खराटा खांद्यावर टाकून म्हणाल्या, "दो दिन, बस."

घरी येऊन पक्ष्यांचे पुस्तक उघडले तेव्हा हसण्याची पाळी माझ्यावर उलटली. ज्याला मराठीत नवरंग म्हणतात तो हा पक्षी, आणि त्याचे शास्त्रीय नाव 'पिट्टा'! शास्त्रज्ञांनी हा शब्द आपल्या तेलुगूतूनच उचलला आहे. या नावाची कथाही मौजेची आहे. १७६६ साली लिनीअसने या पक्ष्याला पहिल्यांदा शास्त्रीय नाव दिले तेव्हा त्याला कावळ्याच्या गणात बसवले. त्याने दिलेल्या नावाचा अर्थ होतो 'आखूड शेपटीचा कावळा'. पुढे १८१६ साली व्हिएयो नावाच्या फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञाने त्याला कावळ्यांतून बाहेर काढले आणि स्वतंत्र गण करून त्याला 'पिट्टा' हे नाव दिले. आज आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत या कुळातल्या चाळीसहून अधिक जाती ज्ञात आहेत, आणि त्या सगळ्या कुळाला जगभर आपल्या झाडलोटवाल्या बाईंच्या तोंडचे नाव चालते. मोठमोठ्या पंडितांनाही एखाद्याला चुकीच्या रांगेत बसवण्याचा मोह होतो, हे वाचून मला थोडा धीर आला, आणि थोडी लाजही वाटली.

दुर्मीळ हा शब्द इथे जपून वापरला पाहिजे. नवरंग जगातून नाहीसा होत चाललेला पक्षी नव्हे. पावसाळ्यात कोकणात, सह्याद्रीच्या रानांत आणि विदर्भातल्या जंगलांत तो घरटे करतो. हिमालयाच्या पायथ्यापर्यंत त्याचा हा पावसाळी मुलूख पसरला आहे. काड्या-पानांचा गोल गोळा आणि बाजूला दार असे त्याचे घरटे असते. पाऊस सरला की तो दक्षिणेकडे उतरतो आणि हिवाळा दक्षिण हिंदुस्थानात आणि श्रीलंकेत काढतो. आपले हैदराबाद या जाण्यायेण्याच्या वाटेवर पडते. म्हणजे त्याला इथे राहायचे नसते. वर्षातून दोनदा, पावसाच्या तोंडाशी वर जाताना आणि आश्विन-कार्तिकाच्या सुमारास खाली येताना, एखाददुसरा दिवस टेकायचे असते. प्रवास तो रात्रीचा करतो. पहाटे जिथे झाडे आणि पाचोळा दिसेल तिथे उतरतो, पोट भरतो आणि पुढे निघतो. जंगलात सहज दिसणारा हा पक्षी शहराच्या मध्यभागी दिसणे दुर्मीळ, ते याच कारणाने. उतरायला जागा हवी, आणि त्याच दिवशी तिथे जागा असलेला कानही हवा.

आपल्या या मुलखातल्या पाखरांची शास्त्रशुद्ध पाहणी झाली तीही संस्थानी काळातच. १९३१-३२ साली सलीम अली यांनी निजाम सरकारच्या साहाय्याने हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. तेव्हा मराठवाडाही संस्थानातच होता, म्हणजे आपल्यापैकी कित्येकांच्या आजोळची राने तीत आली. पत्नी तेहमिना त्यांच्याबरोबर तंबूतून हिंडत असत. हा वृत्तांत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९३३-३४ मध्ये क्रमशः छापला गेला, आणि त्याला ह्यू व्हिसलर या जाणकाराच्या टिपांची जोड होती. पुढे सलीम अलींनी त्रावणकोर-कोचीनसारख्या इतर संस्थानांतही अशा पाहण्या केल्या. आरंभाची मोठी पाहणी मात्र आपल्या हैदराबादची. मराठीत या विषयाचे ऋण आहे ते मारुती चितमपल्लींचे. त्यांच्या पक्षिकोशाने आपल्या बोलीतली पाखरांची नावे एका जागी आणली. २०२५ साली ते निवर्तले. त्यांचा जन्म आणि अखेर दोन्ही सोलापूरची.

गाणाऱ्या माणसाला याहून मोलाची वाटेल अशी एक गोष्ट मला या वाचनात सापडली. साळुंकी, दयाळ, बुलबुल ही गाणाऱ्या पाखरांच्या मोठ्या शाखेतली. त्यांची पिले वडीलधाऱ्यांचे ऐकून ऐकून गाणे शिकतात. नवरंगाचे कूळ त्या शाखेतले नाही. त्याची हाक त्याला उपजतच येते, असे शास्त्रज्ञ मानतात. गुरूची, रियाजाची गरज नाही. आणि ही हाक तो विशेषेकरून देतो ती उजाडताना आणि मावळताना. तमिळ मुलखात म्हणूनच त्याला 'सहा वाजताचे पाखरू' अशा अर्थाचे नाव आहे. आपल्याकडे सकाळचा भैरव आणि संध्याकाळचा पूरिया, मारवा, श्री हे संधिप्रकाशाचे राग; हा पक्षीही त्याच दोन वेळा धरून आहे. म्हणून त्याच्या दोन सुरांना कोमल ऋषभ आणि गांधार म्हणण्याचा मोह मलाही झाला. पण तो खोटेपणा होईल. ज्याचा षड्ज ठरलेला नाही त्याच्या सुराला ऋषभ म्हणा नाहीतर धैवत, अर्थ एकच. 'संगीतरत्नाकरा'त शार्ङ्गदेवाने मोराला षड्ज दिला, चातकाला ऋषभ, कोकिळेला पंचम. बेडकाला आणि हत्तीलाही एकेक सूर दिला. नवरंगाला त्या पंगतीत पान नाही. त्याचे त्याला काही वाटत असेल असे दिसत नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी मी त्या मुलीच्या घरी गेलो. शिक्षकाने शिष्याच्या दारात जायची आमच्याकडे रीत नाही; वडील असते तर मात्र ते आधी गेले असते, असे वाटून जिना चढलो. तिची आई गडबडून उठली. मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी मी चुकीचे बोललो. हिला कान आहे. माझ्याहून चांगला आहे." मग मुलीला विचारले, वर्गात तू मधेच थांबतेस ती का?

ती बराच वेळ बोलेना. आईने पाठीवर हात ठेवला तेव्हा म्हणाली, "खालच्या दुकानात परात ठेवली की तिचा सूर येतो. मोठ्या परातीचा आपल्या सा च्या जरासा खाली लागतो. मग मला कळत नाही, मी कोणता धरू."

वाचकहो, सहा महिने ही मुलगी माझ्यासमोर बसून हे ऐकत होती, आणि मी तिला 'लक्ष दे' म्हणून रागावत होतो! चाळीस वर्षे मी त्या दुकानाच्या डोक्यावर राहतो. परातीला सूर असतो हे माझ्या ध्यानीमनी नव्हते. तिचा गळा अजून ठरत नाही हे खरेच आहे. कानाला जे बारीक कळते ते गळ्याला साधेना, म्हणून ती गोंधळून थांबत होती. आणि मला दिसत होते ते नुसते थांबणे. गाणे शिकवणाऱ्याला कान आणि गळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पहिल्या दिवशी शिकवतात. ते मी विसरलो होतो.

आम्ही तिघे रिक्षा करून बागेत पोहोचलो तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. तो कोपरा बाईंनी खरोखरच झाडला नव्हता. अंधार दाटू लागला; राज्य संग्रहालयाच्या बाजूचे दिवे लागले. मुलीने आधी बोट वर केले, मग माझ्या कानावर ती हाक आली. दोन वेळा, तीन वेळा. तिची आई म्हणाली, "हे तर आमच्या शेताकडं पावसाळ्याच्या सुमारास ऐकलंय मी, लहानपणी. कोण ओरडतंय ते कधी कळलंच नाही." मी वडिलांची आठवण सांगितली. तिने विचारले, "मग तुम्ही त्यांना पाहुणा कोण म्हणून विचारलं नाही?" मी नाही म्हणालो. पुढे कोणी काही बोलले नाही.

सोमवारी रात्री मोठा पाऊस झाला. मंगळवारी पहाटे मी एकटाच गेलो. पाचोळा होता, पाहुणा नव्हता. आभाळ उघडले तसा तो रात्रीच निघून गेला असावा. दहाच्या सुमारास बाईंनी कोपरा झाडून घेतला. ठरल्याप्रमाणे दोन दिवस झाले होते.

आता भाद्रपद चालू आहे. महिन्याभरात, नवरात्राच्या मागेपुढे, हे प्रवासी उलटे निघतील, आणि त्यातला एखादा आपल्यापैकी कोणाच्या परसात उतरेल. आपल्या जुन्या वाड्यांपैकी फार थोडे उरले, परसही थोडीच. ज्यांच्याकडे आंबा, चिंच, जांभूळ असे एखादे झाड असेल त्यांनी त्याच्या बुंध्याभोवतीची पाने महिनाभर तशीच राहू द्यावीत. पाचोळ्याखाली किडे, वाळवी, गांडुळे राहतात. आपण ज्याला केर म्हणतो ती त्याची वाढलेली पाने आहेत. दुसरे असे की रात्री थकून, दिव्यांनी बावचळून हा पक्षी कधी कधी घरात शिरतो किंवा खिडकीच्या काचेवर आपटतो. तसा सापडला तर मुलांच्या हातून हातात फिरवू नये, चोचीत पाणी ओतू नये. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ फडके घालून त्याला अंधारात, शांत जागी ठेवावे. सावरला की झाडांजवळ नेऊन खोके उघडावे. जखम दिसली तर वनखात्याला कळवावे. पिंजऱ्यात ठेवण्याचा मोह मात्र करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि ज्याला अजून अर्धा देश ओलांडायचा आहे त्याला कोंडणे हे कायद्यावाचूनही पापच.

वर्गात वडिलांची दहा मिनिटे पुन्हा सुरू झाली आहेत. खिडक्या उघड्या टाकून मुले हात मागे बांधून उभी राहतात. हातगाडी, घंटा, तागडीची साखळी, सारे ऐकतात. खाली परात आपटली की सहाही जण एकदम "सा च्या खाली!" म्हणून ओरडतात आणि हसतात. दुकानदाराला वाटते आम्ही त्याच्या मालाला नावे ठेवतो आहोत. त्या मुलीचा षड्ज आता बराच वेळ टिकतो. अजून हलतो, पण टिकतो. मोठी गायिका होईल की नाही, हे मी कोणाला सांगत नाही. तसले भविष्य सांगण्याचा माझा अधिकार गेल्या मे महिन्यात संपला.

परवा बागेत त्या झाडलोटवाल्या बाई भेटल्या. दसऱ्याच्या सुमारास तो पुन्हा येण्याचा संभव आहे, एवढा कोपरा सोडाल ना, म्हणून मी विचारले. त्यांनी खराटा भिंतीला टेकवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "छोड देतूं, साब. पन पिट्ट आया तो उस बच्ची कू लेके आना. आपकू तो सुनाई बी नै देता."